चाकरमान्याला माडातलं काय कळतंय?

मुंबईहून निवृत्त होऊन गावी परतलेल्या बऱ्याच जणांचा सूर एकच असतो. वेळ आहे, थोडंफार कळतंय, लोकांच्या उपयोगी पडावंसं वाटतं. पण सांगणारा मी कोण? कोणाला योग शिकवायचा असतो, कोणाला मुलांची शिकवणी घ्यायची असते. माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या वसंतरावकाकांना (नाव बदललं आहे) बागकामाचा सल्लागार व्हायचं होतं.

बँकेतली नोकरी संपली, गाव गुहागर तालुक्यातलं. मुलीकडे अमेरिकेत गेले असताना त्यांनी 'मास्टर गार्डनर' हा प्रकार पाहिला. 1973 साली वॉशिंग्टन राज्यात तो सुरू झाला. विद्यापीठ हौशी लोकांना बागकाम शिकवतं आणि त्या बदल्यात त्यांनी ठरावीक तास लोकांना फुकट सल्ला द्यायचा. तास भरले नाहीत तर बिरुद टिकत नाही. बाजारात टेबल मांडून बसलेल्या एक आजीबाई पिशवीतून आणलेलं रोगट पान भिंगाखाली धरून बघत होत्या, ते काकांच्या मनात बसलं. इथे तसं काही करावं का, त्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठात आधी रीतसर प्रशिक्षण घ्यावं का, यावर त्यांचा घोळ चालला होता.

"प्रमाणपत्र असलं की लोक ऐकतील ना, मॅडम?"

"कोणी ऐकायला हवं?"

"लोकांनी. म्हणजे सगळ्यांनीच."

"एकाचं तरी नाव सांगा, काका."

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "भावकी. चाकरमानी तो, त्याला माडातलं काय कळतंय, असं म्हणतात."

'लोकांकडे लक्ष देऊ नका' असं सांगून मोकळं होणं सोपं होतं. मला ते कधीच पटलेलं नाही. माणूस निर्णयाशी अडतो तेव्हा मनात कुठेतरी एक 'पाहिजेच' रुतलेलं असतं. ते सापडेपर्यंत फायदे-तोट्यांचे कितीही रकाने भरा, गाडी हलत नाही. काकांचं 'पाहिजेच' हे होतं, की भावकीने मला मानलंच पाहिजे. ते काम कुठल्याच विद्यापीठाचा कागद करत नाही.

यानंतरचा प्रश्न मी मुद्दाम उशिरा विचारते. "शेवटचं कोण आलं होतं तुम्हाला काही विचारायला?"

"शेजारच्या वहिनी. माडाची झावळ घेऊन." नव्याने उमललेली झावळ, कात्रीने तिरकी कापल्यासारखी. माडाचा कोवळा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा, हे काकांनी बघताच ओळखलं होतं. मग अर्धा तास त्या भुंग्याची अंडी, अळी, कोष, सगळं सांगितलं.

"मग?"

"ऐकून घेतलं आणि गेल्या."

"त्यांना काय हवं होतं?"

काका थांबले आणि एकदम हसले. "माडावर चढणारा गडी! घरात पुरुषमाणूस नाही, त्यांना गडी हवा होता हो."

तो अर्धा तास वहिनींसाठी नव्हताच. भावकीला ऐकवायचं होतं, ते बिचाऱ्या वहिनींना ऐकावं लागलं. हे मी बोलले नाही. काकांनी स्वतःच, थोड्या वेगळ्या शब्दांत, बोलून दाखवलं. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणं ही कला आहे आणि ती मला जमते, असं म्हणायला हरकत नसावी.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा गडी मिळाला होता. त्याने शेंड्यातला भुंगा तारेच्या आकड्याने ओढून काढला. काकांनी वहिनींचा शेणखताचा खड्डा उपसला. त्यात त्याच भुंग्याच्या पांढऱ्या अळ्या निघाल्या.

असाच विचार तुमच्या मनात असेल तर प्रशिक्षण जरूर घ्या. ओळखीच्या बागेतलं ज्ञान दुसऱ्याच्या मातीत फसतं, आणि फवारणीचं प्रमाण तर कधीच आठवणीतून सांगू नये. डब्यावरचं वाचून दाखवावं. पण अर्ज भरण्याआधी एक पावसाळा बिरुदाशिवाय काढून बघा. आंब्याचा मोहोर का गळला असं कोणी विचारलं, तर 'मला नक्की माहीत नाही, कृषी विज्ञान केंद्रात विचारून सांगतो' हे वाक्य न अडखळता म्हणता येतं का? ते म्हटल्यावर रात्री झोप लागते का? लागत असेल तर खुशाल पुढे व्हा. झोप उडत असेल, तर तुम्हाला बहुधा बागेपेक्षा मान हवा आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त त्याचा रस्ता वेगळा आहे.

वसंतरावांनी पावसाळा काढला आणि अर्ज भरला. भावकीतलं मात्र अजून कोणी काही विचारायला आलेलं नाही, आणि त्यावर आमचं बोलणं सुरू आहे.