‘हे गटात तोंडच उघडत नाहीत’

“मॅडम, मी यांना दर वेळी धरून आणते. तिथे बायका भडाभडा बोलतात, आणि हे आपले भिंतीकडे बघत बसतात. यांना या गटाचा काही उपयोग आहे का हो?”

हा प्रश्न कधी बायको विचारते, कधी मुलगी. एका गृहस्थांच्या तर आईने विचारला होता. आजार बदलतो, मधुमेह असेल, पार्किन्सन्स असेल, किडनीचा काही असेल, पण प्रश्न तोच. त्यामागची भीतीही ठरलेली: बोलत नाहीत म्हणजे आत साठतंय, आणि साठतंय म्हणजे आजार वाढणार. दीर्घ आजाराच्या आधारगटांबद्दल, म्हणजे एकाच आजाराची माणसं एकत्र बसून बोलतात त्या बैठकांबद्दल, याच्याइतका प्रश्न मला दुसरा कुठला ऐकायला मिळत नाही, म्हणून एका जोडप्याची हकिगत सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

त्या गृहस्थांना आमवात होता, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. यात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन ते तीन पट जास्त आढळतो. साहजिकच गटात बायकाच बायका; पुरुष दोन, आणि त्यातले दुसरे वरचेवर दांडी मारणारे.

पहिल्या भेटीत मी बाईंना बाहेर बसायला सांगितलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही. पण नवऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बायको देत असेल, तर नवरा पुढे बोलायचा थांबतो, आणि मग बायकोला अजूनच बोलावं लागतं. हे चक्र मी इतक्या घरांत पाहिलंय की आता सुरुवातच तिथून करते.

“गटात कंटाळा येतो का?” मी विचारलं.

“कंटाळा नाही. पण तिथे कुणी रडायला लागलं की मी काय करायचं तेच कळत नाही.”

“काय करावंसं वाटतं?”

“त्यांची अडचण सोडवावीशी वाटते. माझ्याच्याने ती सुटत नाही. मग कशाला बोला?”

बायकोला जो माणूस कोरडा वाटत होता तो हा. समोरच्याच्या रडण्याने इतका अस्वस्थ होणारा, की काही करता येत नसेल तर नजर वळवणारा. भिंतीकडे बघणं हा त्याचा थंडपणा नव्हता. दुसऱ्याचं दुःख सोसत बसून राहायची सवयच त्याला कधी लागलेली नव्हती.

ताणाखाली माणूस एकतर लढतो किंवा पळतो, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास मांडलं आणि पुढे कित्येक वर्षं तोच मनुष्यस्वभाव मानला गेला. २००० साली मानसशास्त्रज्ञ शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला: हे सगळं संशोधन मुख्यतः नरांवर झालंय, ताणात स्त्रिया बऱ्याचदा माणसं जवळ करतात, कुणाची तरी काळजी घेतात, मैत्रिणी गोळा करतात. त्यांनी त्याची काही कारणं शरीरातल्या संप्रेरकांमध्ये शोधली. मी स्वतः शरीरापेक्षा वळणावर जास्त विश्वास ठेवते. लहानपणी ज्या वागण्याला शाबासकी मिळाली तेच आपण आजारपणातही करतो. रडणाऱ्या मैत्रिणीला जवळ घेतलं म्हणून मुलीचं कौतुक होतं, आणि बिघडलेली वस्तू दुरुस्त केली म्हणून मुलाचं. गटात दोघंही येताना आपापली शाबासकीची वाट धरून येतात. अर्थात हे सगळं सरासरीने खरं. माहितीची फाइल घेऊन येणाऱ्या, डोळ्यांतून टिपूस न काढणाऱ्या बायका माझ्या गटात आहेत, आणि पहिल्याच दिवशी हुंदके देणारे पुरुषही.

पुढच्या एका भेटीत त्यांना रक्ततपासणीचं काहीतरी सांगायचं होतं. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. रेघा मारून रकाने पाडलेले: तारीख, सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं, गोळी, तपासणीचा आकडा. आमवातात सकाळी हात आखडतात आणि मोकळे व्हायला तास-तास लागतो; ती मिनिटं त्यांनी रोज लिहिली होती. अक्षर काही दिवशी सरळ, काही दिवशी वेडंवाकडं. मधूनच एखादी ओळ फक्त तारखेची, पुढे काहीच नाही.

“ही ओळ रिकामी का?”

ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.

“त्या दिवशी शर्टाची बटणं हिने लावून दिली.”

“मग?”

“मग काय लिहिणार? ते मिनिटांत कसं लिहायचं?”

मी दुसऱ्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. त्या दिवशी बाटलीचं झाकण मुलाकडून उघडून घ्यावं लागलं होतं. तिसरीवर ठेवलं तेव्हा ते नुसते “जाऊ दे” म्हणाले, आणि मीही जाऊ दिलं.

“तुम्हाला कसं वाटतं?” असं विचारून मला हे कधीच मिळालं नसतं. त्या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, “ठीक आहे”, आणि ते खोटंही नव्हतं. भावना त्यांच्याकडे होती, अगदी तारीखवार होती. फक्त ती आकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत होती. आमच्या कामात समोरच्याला आपल्या भाषेत बोलायला लावण्याचा मोह फार असतो. त्याच्या भाषेत काय म्हणून झालंय ते आधी वाचावं, या मताची मी आहे, आणि त्या दिवशी या मतावरचा माझा विश्वास आणखी पक्का झाला.

“पुढच्या वेळी डायरी गटात आणाल?” मी विचारलं.

“तिथे कुणाला उपयोग?”

“बघू.”

आधारगटांचा उगमच मुळी डायरीत आहे, हे मी त्यांना सांगितलं. १९०५ साली बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब रुग्णांचा साप्ताहिक वर्ग सुरू केला. रुग्णांनी रोजचा ताप, आहार, विश्रांती वहीत लिहायची आणि वही घेऊन यायचं, असा नियम होता. शिस्त लावायला काढलेल्या त्या वर्गात लोकांना एकमेकांची सोबतच जास्त मानवली, आणि समूहोपचाराची सुरुवात तिथून मानतात. हे ऐकून त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

त्या बैठकीला एक नवी मुलगी आली होती. तिला मेथोट्रेक्झेट नुकतंच सुरू झालं होतं आणि ती गोंधळून गेली होती. आमवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं; चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. बायकांनी तिला धीर दिला, “होईल गं सवय” म्हणाल्या. आमच्या गृहस्थांनी डायरी उघडली.

“वार ठरवा,” ते म्हणाले. “मी बुधवार ठेवलाय. घरात सगळ्यांना माहितीये, बुधवार. घेतली की इथे खूण करायची. याच्या जोडीला देतात ती फोलिक ॲसिडची गोळी कुठल्या दिवशी ते डॉक्टरांना विचारून इथेच लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी मला गळून जायला होतं, म्हणून गुरुवारी मी मोठं काम काढत नाही.”

इतक्या बैठकांत ते एकूण जेवढं बोलले होते त्याहून हे जास्त होतं. मुलगी डायरी चाळायला लागली आणि तिने तोच प्रश्न विचारला, या ओळी रिकाम्या का? त्यांनी सांगितलं. बटणांचं सांगितलं, झाकणाचं सांगितलं, आणि माझ्याकडे ‘जाऊ दे’ म्हणून राहिलेलं तिसरंही सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

मग गटातल्या एक बाई हसून म्हणाल्या, “माझी डायरी असती तर सगळ्याच ओळी रिकाम्या. ओले कपडे पिळून मला किती महिने झाले!”

या बाई म्हणजे गटाचा प्राण. नव्या माणसाला जवळ घेणाऱ्या, सगळ्यांना फोन करणाऱ्या, स्वतःचंही मोकळेपणी सांगून रडणाऱ्या. गटाचा सगळ्यात जास्त फायदा कुणाला झाला असं विचारलं असतं तर सगळ्यांनी त्यांच्याकडेच बोट दाखवलं असतं.

“मग घरी काय ठरलं?” गृहस्थांनी विचारलं.

“कशाचं?”

“कपडे पिळायचं.”

“अहो, घरी कुठे सांगितलंय मी!”

गटात शांतता पसरली. ज्या बाईंनी आम्हाला सगळं सांगितलं होतं, त्यांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं. गटात येऊन मन हलकं करायचं आणि तेच काम, त्याच दुखऱ्या मनगटांनी, परत जाऊन करायचं. आमच्या “होईल गं” आणि “मी आहे ना” यांतून कुणीच कधी “मग काय ठरलं?” हे विचारलं नव्हतं.

इथे मला जे उमगलं ते मी तेव्हापासून प्रत्येक गटात वापरते. आपण समजतो की बायकांना गट लागू पडतो आणि पुरुषांना पडत नाही. खरं म्हणजे दोघंही गटात आपल्याला सहज येतं तेच करत बसतात, आणि ज्याची उणीव असते ते दुसऱ्या बाजूकडे असतं. पुरुषाला कुणीतरी न सोडवता नुसतं ऐकून घेणारं हवं असतं. बाईला कुणीतरी ऐकून झाल्यावर ‘मग?’ विचारणारं हवं असतं. हे एकमेकांना देताना जो देतो त्यालाच जास्त मिळतं. मदत करणाऱ्यालाच मदत होते, हे तत्त्व अमेरिकन समाजशास्त्रज्ञ फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये मांडलं होतं; मी माझं सगळं गटकाम त्यावरच उभं केलंय.

बाई घरी का बोलत नाहीत? ‘घरच्यांना त्रास नको’ हे वरचं उत्तर. खाली बऱ्याचदा ‘मी निकामी झाले तर मला ठेवतील का’ ही भीती असते. ती अगदीच निराधार आहे असं मला म्हणता येत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत गंभीर आजाराच्या ५१५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नवरा आजारी असताना २.९ टक्के जोडपी वेगळी झाली होती, बायको आजारी असताना २०.८ टक्के. पण त्याच आकड्यांचा अर्थ असाही होतो की बायको आजारी पडूनही पाचांतली जवळपास चार जोडपी टिकली. या बाईंच्या नवऱ्याला शेवटी कळलं तेव्हा तो म्हणाला, “मला सांगितलं असतंस तर!” हे वाक्यही मी शेकड्यांनी ऐकते.

आता मूळ प्रश्नाकडे. गप्प बसणाऱ्या माणसाला उपयोग होतो का? बैठकीला येत असेल तर बहुधा होतोय. घरी आल्यावर “काय बोललात?” विचारू नका; “आज कोण आलं होतं, त्याचं औषध कुठलं चालू आहे?” विचारा. सांगायला त्याच्याकडे बरंच असतं. “कसं वाटतंय?” ऐवजी “आज सकाळ कशी गेली?” हा प्रश्न वापरून बघा. गटात त्याच्या शेजारी बसून त्याच्या वतीने उत्तरं देऊ नका. शक्य असेल तर बाहेर थांबा. गट चालवणाऱ्यांना माझं सांगणं, पुरुषांना काम द्या. नोंदी ठेवणं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न गोळा करणं, नव्या माणसाला औषधाचं वेळापत्रक समजावणं. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकापासून पुरुषांसाठी सुतारकामाच्या, दुरुस्तीच्या सामायिक शेड चालतात. तिथला अनुभवच असा की पुरुष समोरासमोर बसून नाही, खांद्याला खांदा लावून काम करताना बोलतात. पुरुषांची स्वतंत्र बैठक घ्यावी का, असं विचारतात. लैंगिक अडचणी, लघवीच्या तक्रारी असे विषय असतील तेव्हा जरूर घ्यावी, आणि बायकांचीही तशीच घ्यावी. एरवी मी वेगळं करत नाही.

आणि येतच नसेल तर? ‘गटात जाणारे जास्त जगतात’ असं कुठेतरी वाचून घाबरलेली माणसं माझ्याकडे येतात. १९८९ मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांचा एक अभ्यास आला होता. पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ज्या बायका गटात होत्या त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, गटात नसलेल्या १८.९ महिने. मात्र २००१ मध्ये कॅनडात २३५ बायकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मन सावरलं, वेदना कमी जाणवल्या, आणि तेही मुळात ज्या जास्त खचलेल्या होत्या त्यांच्या बाबतीत. म्हणजे जो माणूस बरा सावरलेला आहे त्याला आयुष्य वाढेल म्हणून ओढत नेऊ नये. शिवाय हे दोन्ही अभ्यास फक्त बायकांचे, हेही ध्यानात ठेवावं. त्यातून तुमच्या घरातल्या पुरुषाचा निकाल काढता येत नाही.

गप्प असण्याची काळजी करायची ती वेगळ्या खुणांवरून. झोप उडाली, आवडीच्या गोष्टींतलं मन उठलं, औषधं मुद्दाम चुकवायला लागला, दारू वाढली, ‘माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल’ अशी भाषा आली, तर गटाची वाट बघू नका. तातडीने डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. पुरुषात नैराश्य बऱ्याचदा रडण्याऐवजी चिडचिडीतून बाहेर पडतं, म्हणून ते घरच्यांच्या लक्षात उशिरा येतं.

सुरुवातीला प्रश्न विचारणाऱ्या बाईंना मी काळजी घेणाऱ्यांच्या बैठकीला बोलावलं. तिथेही बहुतेक बायकाच असतात. आजारी बायकांचे नवरे ‘भावना व्यक्त करायला’ बोलावलं तर येत नाहीत. मी त्यांना फोन करून सांगते, बायकोच्या सगळ्या रिपोर्टांची फाइल तारखेप्रमाणे लावून घेऊन या. बहुतेक जण येतात, आणि फाइल बरोबर लावलेली असते.