वेस्ट बँकचे ए, बी, सी असे तुकडे कधी पडले आणि अजून का आहेत?

वेस्ट बँक म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा, इस्रायलच्या ताब्यातला पॅलेस्टिनी प्रदेश. त्याचे तुकडे २८ सप्टेंबर १९९५ च्या, इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्वातल्या दुसऱ्या ओस्लो करारात पडले. ‘ए’मध्ये (आज साधारण १८ टक्के, रामल्ला, नाब्लुससारखी शहरं) कारभार आणि पोलीस दोन्ही पॅलेस्टिनी प्राधिकरणाकडे (पॅलेस्टिनींचं मर्यादित स्वराज्य सरकार). ‘बी’त (२२ टक्के) कारभार त्यांचा, सुरक्षेत शेवटचा शब्द इस्रायलचा. उरलेल्या ‘सी’त दोन्ही इस्रायलकडे.

खरी गोम नकाशात आहे. ‘सी’ सलग, ए-बी म्हणजे त्यातली सुटी बेटं. त्यामुळे दोन पॅलेस्टिनी गावांमधली पाण्याची पाइपलाइन ‘सी’तून जाणार असेल, तर परवाना इस्रायली.

हे सगळं तात्पुरतं होतं. मे १९९९ पर्यंत अंतिम तोडगा निघायचा होता. पण जेरुसलेम, निर्वासित, इस्रायली वसाहती, सीमा हे अवघड विषयच शेवटी ठेवलेले. त्यात नोव्हेंबर १९९५ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांची हत्या झाली, २००० ची कॅम्प डेव्हिड शांतता परिषद फसली, आणि पाठोपाठ दुसरा इंतिफादा (पॅलेस्टिनी उठाव) पेटला. अंतिम तोडगा निघालाच नाही, म्हणून तात्पुरते तुकडेच टिकून राहिले.