आर्व्हो पॅर्ट कोण आहेत आणि ऐकायला सुरुवात कुठून करू?

भाऊ, तुम्ही जळगावचे म्हणताय तर पद्मालयाच्या गणपती मंदिरातली घंटा ऐकली असेलच, टोल दिल्यावर तो नाद कितीतरी वेळ हवेत राहतो ना, तिथूनच सुरू करा.

पॅर्ट एस्टोनियाचे संगीतकार, जन्म १९३५. आधी तिथल्या रेडिओत साउंड इंजिनिअरची नोकरी. सुरुवातीचं संगीत अगदी आधुनिक, कानाला खडबडीत. १९६८ मध्ये 'क्रेडो' ही रचना केली, त्यात येशूवरची श्रद्धा उघड मांडलेली, एस्टोनियात तेव्हा सोव्हिएत राजवट, बंदीसारखंच झालं. मग हा माणूस जवळपास आठ वर्षं फारसं काही न लिहिता जुनं चर्चचं गायन घेऊन बसला. मला विचाराल तर सगळ्या करिअरमधली हीच मोठी गोष्ट, नाव झालेलं असताना गप्प बसायचं म्हणजे खायचं काम नाही.

१९७६ ला पियानोसाठी छोटंसं 'फ्यूर अलिना' आलं आणि नवी शैली सापडली, टिंटिनाबुली, म्हणजे लॅटिनमध्ये छोट्या घंटा. एक आवाज सुरांच्या पायऱ्या एकेक करत चढतो उतरतो, दुसरा सा-ग-प सारख्या तीनच सुरांत फिरतो, बस एवढंच, पण दोन्ही मिळून जे होतं ना ते ऐकायलाच पाहिजे.

१९८० मध्ये देश सोडावा लागला, आधी व्हिएन्ना मग बर्लिन, नंतर परत एस्टोनिया.

पहिल्यांदा 'श्पीगेल इम श्पीगेल' लावा, व्हायोलिन आणि पियानो. रात्री, पंखा बंद करून, हेडफोन लावून. घाई करू नका.