तिसऱ्या सकाळपर्यंत थांब

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी काल रात्री दोनदा वाचली. फोटो काढायला जायचं, रजा ऑक्टोबरअखेरची, नऊ दिवसांची आणि ठिकाणं सात: लेह, पँगाँग, श्रीनगर, गुलमर्ग, अमृतसर, वाराणसी आणि घरच्या वाटेवर कास. खाली लिहिलंयस, 'सर, यातलं काय गाळू तेच कळत नाही, सगळीकडचेच फोटो इतके सुंदर दिसतात.' मला झोप लागली नाही. 2005 साली मीही अशीच यादी केली होती आणि ती फाडून टाक म्हणणारं तेव्हा कुणी भेटलं नाही.

कास आधी काढ. तू साताऱ्याची, तुला हे मी सांगायला नको होतं. सोनकी, तेरडा, सीतेची आसवं यांचा बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. महिनाअखेरीला पठारावर वाळलेलं गवत उरतं. वाराणसीही काढ. घाटांवरची देवदिवाळी त्रिपुरी पौर्णिमेला असते, ती तुझ्या रजेत बसत नाही. अमृतसर का घातलंस ते मला कळलेलं नाही, विमान तिथून मिळतं म्हणून असेल तर ते कारण नव्हे.

उरलेल्यांत 'सगळ्यात सुंदर कुठलं' हे विचारू नकोस. एकच विचार: तिथे मला तिसरी सकाळ मिळते का? पहिल्या सकाळी आपण इतरांनी काढलेला फोटो पुन्हा काढतो. तो डोक्यात आधीच असतो, तो हातावेगळा झाल्याशिवाय पुढचं दिसत नाही. दुसऱ्या सकाळी ऊन कुठून येतं, धुकं किती वाजता विरतं, कुत्री कुठे भुंकतात हे कळतं. तिसऱ्या सकाळी लोक आपल्याकडे बघायचं सोडून देतात. फोटो तिथून सुरू होतो. ज्या ठिकाणी तिसरी सकाळ नाही, ते ठिकाण यादीत नको.

2005 ला मी मनालीहून रस्त्याने लेहला गेलो. पुढे नुब्रा, पँगाँग, त्सो मोरिरी. नऊ दिवस, स्लाइडचे 14 रोल. पॉपलर पिवळेजर्द झाले होते, आभाळ निळंशार. पण संध्याकाळच्या आत खिंड ओलांडायची म्हणून प्रत्येक चांगल्या जागी आम्ही भर दुपारी पोचायचो. एका गावात एक जोडपं घराच्या माळवदावर जनावरांसाठी कापलेलं गवत पसरत होतं. हिवाळ्याची बेगमी. गाडी चार मिनिटं थांबली. माझ्याकडे त्या दोघांची पाठमोरी एक स्लाइड आहे. त्या बाईचा चेहरा मी पाहिलेलाच नाही. वीस वर्षं झाली, ती पाठ मला टोचते. बाकीच्या स्लाइड कुणाच्याही असू शकतात, माझ्या म्हणून त्यांत काही नाही.

लेहला विमानाने गेलीस तर पहिले दोन दिवस शरीराला द्यावेच लागतात, साडेतीन हजार मीटर उंची आहे ती. म्हणजे तुझी तिसरी सकाळ तिथे पाचव्या दिवशी उगवणार. त्यात पॉपलरचा पिवळा रंग ऑक्टोबरच्या मध्याला झडायला लागतो, तू पोचेपर्यंत उघड्या फांद्या असतील. लेह करायचंच असेल तर पुढच्या वर्षी महिन्याच्या सुरुवातीला जा आणि फक्त लेह कर.

तुझ्या तारखांना काश्मीर आहे. चिनार ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पेटायला लागतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत लाल-तांबूस राहतो. तिथले लोक या ऋतूला हरुद म्हणतात. श्रीनगरच्या निशात बागेत सकाळी धावत जाऊ नकोस. मागे झबरवानचा डोंगर आहे, ऊन उशिरा उतरतं. निशात संध्याकाळची, दल सरोवरावरून येणाऱ्या तिरप्या उन्हाची. सकाळ नसीम बागेला दे, ती तळ्याच्या पलीकडच्या काठाला आहे. गुलमर्ग सोड. बर्फ अजून नीट पडलेला नसतो आणि तुझा एक अख्खा दिवस जातो.

पण मी तुला पाठवणार आहे ते पांपोरला. श्रीनगरपासून अर्ध्या-पाऊण तासावर, केशराची शेतं. 2011 ला मी तिथे पाच दिवस होतो. पहिल्या दिवशी माणसं ताठ उभी राहून फोटो काढून घेत होती. दुसऱ्या दिवशी पोरं मागे लागली. तिसऱ्या दिवशी एक आजी बांधाजवळ येऊन बसल्या आणि त्यांनी मला चहा दिला, खारट, गुलाबी. मग त्या कामाला लागल्या आणि मला विसरल्या.

सूर्य वर यायच्या आत फुलं खुडायची असतात, नंतर ती मलूल होतात. जांभळं फूल जमिनीलगत असतं, त्यामुळे कंबर सरळ करायची सोय नाही. आजी दोन बोटांनी फूल देठाशी धरायच्या, किंचित पिळायच्या आणि वेताच्या टोपलीत टाकायच्या. घरी ओसरीवर ढीग पडायचा. एकेका फुलातून तीन लाल तंतू ओढून घ्यायचे. पिवळे पुंकेसर एकीकडे, पाकळ्या एकीकडे. एक ग्रॅम सुकं केशर व्हायला दीडशेच्या आसपास फुलं लागतात. त्यांच्या नखांच्या कडा पिवळ्या झालेल्या आणि अंगठ्याला जांभळा डाग. तो अंगठा मी काढला. माझ्या आयुष्यातला तो एकमेव फोटो आहे ज्याच्याबद्दल मला कुणाला काही पटवून द्यावंसं वाटत नाही. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी तो परत केला, म्हणाले, काश्मीर आहे आणि डोंगर कुठे दिसत नाही! तेव्हा मी गप्प बसलो. आज सांगतो, त्यांचं चुकलं.

आता दिवाळीचं. आई म्हणते दिवाळीला घरी थांब, आणि तू म्हणतेस ऋतू थांबत नाही. दोघींचंही खरं आहे. 2011 ला लक्ष्मीपूजन 26 ऑक्टोबरला होतं आणि मी पांपोरला होतो. लेक चार वर्षांची होती, किल्ला तिने मामाबरोबर केला. बायको महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होती. मला त्याचं वाईट वाटतं, अजून वाटतं. तरी मी चुकलो असं म्हणणार नाही. फुलं दोन-तीन आठवडे येतात, मी काय ती कॅलेंडर बघून उमलवणार होतो? चुकलो ते वेगळ्याच ठिकाणी: त्याआधीची सहा वर्षं मी दर शरदात कुठे ना कुठे पळत होतो, तेव्हाही घरी नव्हतो, आणि त्या पळापळीतून हाती काही लागलं नाही. घर सोडायचंच तर एका जागेसाठी सोड. आईला सांगताना 'काश्मीर फिरायला' म्हणू नकोस. 'एका गावात पाच दिवस राहणार आहे, रोज रात्री फोन करीन' असं सांग. तिची भीती खोटी नाही. निघायच्या आधी तिकडची परिस्थिती विचारून घे, ऐन वेळी बदलता येईल असंच तिकीट काढ.

आणि घरून नाहीच म्हणाले तर रुसून बसू नकोस. त्याच दिवसांत मावळात भातकापणी चालू असते. तुझ्या मामाचं खळं आहे ना पवनेच्या बाजूला? तिथे जाऊन राहा. पहाटे दव असतं, पेंढ्या ओल्या असतात, झोडपणी ऊन चढल्यावर सुरू होते, तेव्हा धूळ उन्हात उडते. पहिल्या दिवशी मामा शर्ट बदलून येईल. दुसऱ्या दिवशी मामी जेवायला चल म्हणून मागे लागेल. तिसऱ्या सकाळी ती दोघं आपापल्या कामात असतील. पिवळी पानं म्हणजेच शरद हे तुला कुणी शिकवलं? आपला शरद खळ्यावर असतो.

लेन्सचं विचारलंयस. 35 आणि 85 मिलिमीटरच्या दोनच ने. तिसरी घेतलीस तर मी बोलणार नाही, पण पाठ दुखेल. पांपोरला पहाटे चार-पाच अंश असतात, बॅटरी खिशात अंगाशी ठेव.

पांपोरचं ठरलं तर निघण्याआधी घरी ये. आजींना मी पुढच्या हरुदात येईन म्हणालो होतो, गेलो नाही. छापलेले तीन फोटो टपालाने पाठवले. अंगठ्याचा मात्र हातानेच द्यायचा म्हणून ठेवून घेतला, तो अजून कपाटात आहे. आजी आता असतील की नाही, माहीत नाही. घराची खूण सांगतो: मशिदीपासून दुसरी गल्ली, दारात अक्रोडाचं झाड. घरात जे कुणी असेल त्यांच्या हातात दे.

तुझा,
सर