कपॅसिटरमध्ये नेमके काय साठते?

प्रश्न : कपॅसिटरच्या दोन पट्ट्यांमध्ये विद्युतरोधक असतो. मग त्यातून धारा वाहते असे का म्हणतात?

उत्तर : रोधक ओलांडून इलेक्ट्रॉन पलीकडे जात नाहीत. बॅटरी जोडल्यावर एका पट्टीवर जितके इलेक्ट्रॉन येऊन बसतात, तितकेच दुसऱ्या पट्टीवरून तारेत ढकलले जातात. त्यामुळे दोन्ही बाजूंचे अ‍ॅमीटर एकच आकडा दाखवतात आणि धारा आरपार गेल्यासारखी वाटते. ‘कपॅसिटर प्रभार साठवतो’ हे वाक्य सर्रास वापरले जाते, पण विद्यार्थ्यांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो, असे माझे मत आहे. एका पट्टीवर जितका धन प्रभार, तितकाच दुसरीवर ऋण. बेरीज आधीही शून्य आणि नंतरही शून्य. प्रभाराची फक्त फारकत होते. साठते ती ऊर्जा, आणि तीही पट्ट्यांमधल्या विद्युतक्षेत्रात.

प्रश्न : डीसीवर (एकाच दिशेच्या विद्युतपुरवठ्यावर) धारा सुरू होऊन थांबते का?

उत्तर : १० व्होल्टची बॅटरी, १० किलोओहमचा रोध आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकसर (एकापुढे एक) जोडून पाहा (इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे धन-ऋण टोके ठरलेला कपॅसिटर असेल, तर ऋण खुणेचा पाय बॅटरीच्या ऋण टोकालाच हवा). पहिल्या क्षणी कपॅसिटरवर व्होल्टेज नसते, म्हणून धारा १ मिलिअँपिअर असते. पुढे त्याचे स्वतःचे व्होल्टेज बॅटरीला विरोध करू लागते. १० सेकंदांनी मल्टीमीटर सुमारे ६.३ व्होल्ट दाखवतो आणि धारा ०.३७ मिलिअँपिअरवर येते. आधी भराभर चढणारे आकडे मग रेंगाळू लागतात, आणि ५० सेकंदांनंतर धारा जवळजवळ थांबलेली असते.

प्रश्न : पंखा मंद झाल्यावर इलेक्ट्रिशियनने फक्त कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटरच) बदलला. एवढ्याने वेग कसा वाढला?

उत्तर : एसीमध्ये (घरातल्या विद्युतपुरवठ्यात) धारेची दिशा सतत उलटत असल्याने प्रभाराची ये-जा थांबत नाही. छताच्या पंख्यात बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दुसऱ्या वाइंडिंगच्या (तारेच्या गुंडाळीच्या) मार्गात असतो, आणि त्या वाइंडिंगमधील धारा मुख्य वाइंडिंगमधील धारेच्या वेळेत पुढे सरकवून तो फिरते चुंबकीय क्षेत्र घडवतो. आतल्या प्लॅस्टिक फिल्मवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. फिल्म जिथे कमकुवत पडते, तिथे ठिणगीने तो थर उडून जातो, क्षेत्रफळ घटते आणि क्षमता उतरते. मग ते फिरते क्षेत्र दुबळे होते आणि पंखा मंदावतो. नवा कपॅसिटर त्याच क्षमतेचा घ्यावा. मोठा बसवल्यास वाइंडिंग तापते.

प्रश्न : स्विच बंद केल्यावर कपॅसिटरला हात लावावा का?

उत्तर : नाही. प्रभार टिकून असू शकतो. आधी योग्य रोध जोडून तो उतरवावा आणि मीटरने शून्य व्होल्टची खात्री करावी.