बांध आधी, जोण नंतर

पणजी

चिरंजीव,
सप्रेम आशीर्वाद.

चौघा मित्रांनी मिळून 38 फुटी, वापरलेली शिडाची बोट घ्यावी आणि गोव्याहून मालदीवपर्यंत जावे, हा तुमचा बेत वाचून मला मनापासून आनंद झाला. किंमत रास्त आहे का, असे तू विचारले आहेस. पण त्याआधी मला तुझ्याकडून एक उत्तर हवे आहे. चौघांपैकी एकाला उद्या यातून बाहेर पडावे लागले, तर त्याच्या हिश्श्याचे काय करायचे?

तरुणपणी आम्ही तिघांनी अशीच एक बोट घेतली होती आणि ती मांडवीत नांगरून ठेवत असू. दुसऱ्याच वर्षी वडिलांच्या आजारपणामुळे आमच्यातल्या एकाला पैशांची गरज पडली. त्याचा हिस्सा किती रुपयांचा, तो कोणी घ्यायचा आणि पैसे किती मुदतीत द्यायचे, यातले काहीच आम्ही लिहून ठेवले नव्हते. तो खरेदीच्या किमतीचा तिसरा भाग मागत होता, आम्ही त्या दिवशीचा बाजारभाव धरत होतो, आणि दोन्ही बाजूंना आपलेच म्हणणे न्यायाचे वाटत होते. वाद चालू असेपर्यंत दुरुस्तीवर कोणीही पैसा घातला नाही. बोटीने दोन पावसाळे तसेच काढले आणि अखेर ती मिळेल त्या भावाने गेली. त्या मित्राशी माझे बोलणे आज लग्नकार्यापुरते उरले आहे, आणि त्याचे मला अजूनही वाईट वाटते.

तू गोव्यात वाढलास, म्हणून गावकारीची आठवण करून देतो. गावच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नातून आधी सामाईक कामांचा खर्च निघे आणि उरेल ते गावकारांना जोण म्हणून वाटले जाई. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध फुटला की खारे पाणी कोणा एकाच्या शेतापाशी थांबत नाही. बोटीचा हिशेबही असाच मांडा. त्या महिन्यात कोणी बोटीवर पाऊल ठेवलेले असो वा नसो, प्रत्येकाने ठरलेली रक्कम सामाईक खात्यात भरलीच पाहिजे. किमतीचा दहावा भाग दरवर्षी देखभालीला जातो, असा जुना ठोकताळा आहे. आपल्या उबदार पाण्यात बुडाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर फार लवकर धरतो, आणि जून ते सप्टेंबर बोट सुरक्षित जागी ठेवण्याचा खर्च वेगळा येतो. त्यामुळे याहून कमी धरू नका.

करार वकिलाकडून करून घ्या, पण त्यातला मजकूर चौघांनी एकत्र बसून ठरवा. दरवर्षी त्रयस्थ सर्व्हेअरकडून मूल्य ठरवावे. बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा आधी उरलेल्यांना देऊ करावा आणि सहा महिन्यांत कोणी घेतला नाही, तर त्याला बाहेरचा गिऱ्हाईक आणण्याची मोकळीक असावी. एखाद्याचा मृत्यू झाल्यास वारसांना काय मिळेल, हेही लिहावे. हे लिहिताना संकोच वाटेल, तरीही लिहा. ब्रिटिश नोंदणीत जहाजाची मालकी 64 हिश्श्यांत मांडण्याची पद्धत आजही चालू आहे. सामाईक जहाज बाळगणाऱ्यांना हिश्श्यांची ही काटेकोर मोजणी फार पूर्वीच गरजेची वाटली.

मालकी चौघांची असली, तरी समुद्रावर हुकूम एकाचाच चालला पाहिजे. 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' या शिडाच्या बोटीतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्यालाच परतल्या. सहाही जणी प्रशिक्षित अधिकारी होत्या, पण कप्तान एकच, वर्तिका जोशी. तुमच्यात सर्वाधिक पैसे घालणारा कप्तान होईल, असे गृहीत धरू नका. वारा वाढण्याआधीच शीड कमी करण्याची सवय ज्याला आहे, त्याला निवडा.

बोटीविषयी थोडक्यात सांगतो. ती पाण्याबाहेर काढल्याशिवाय सर्व्हे करून घेऊ नका. फायबरच्या बुडावर लहान हातोडीने ठोकत जाताना बद्द आवाज आला, तर तिथे थर सुटले असण्याची शंका घ्यावी. कीलचे, म्हणजे बुडाखालच्या जड फाळाचे, बोल्ट पाहा. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या असतील, तर वरून कितीही चकचकीत दिसल्या तरी त्या बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

पणजीहून माले सुमारे 680 सागरी मैल आहे. ताशी सरासरी पाच मैल धरले, तरी साडेपाच ते सहा दिवस, रात्रंदिवस. तीन तास पहारा आणि नऊ तास विश्रांती, अशी चौघांची पाळी बसते. पण एक जण समुद्र लागून आडवा झाला की उरलेल्या तिघांच्या वाट्याला तीन आणि सहा तास येतात, तेही लक्षद्वीपजवळच्या नऊ अंश खाडीतल्या (नाइन डिग्री चॅनेल) मोठ्या जहाजांच्या वर्दळीतून जाताना. म्हणून पैसे देण्याआधी चौघांनी भाड्याच्या बोटीवर निदान पाच दिवस काढा आणि त्यातल्या दोन रात्री किनाऱ्यापासून दूर राहा. कोण न सांगता भांडी घासतो आणि कोण पहाऱ्याला दहा मिनिटे उशिरा येतो, ते तिथे कळेल.

बोट पाण्याबाहेर काढण्याचा दिवस ठरला की मला कळव. हातोडी घेऊन मी येईन. येताना तिघांनाही घेऊन ये, आणि वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर चौघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता लिहून आणा.

तुझा,
काका