कमोडभोवतीची हलणारी फरशी

प्रश्न : आमची इमारत जुनी आहे. कमोडच्या मागच्या टाइल्स हलू लागल्या असून सांध्यांतून काळपट पाणी वर येते आणि खालच्या घराच्या छताला ओल आली आहे. जुन्या टाइल्सवरच नव्या टाइल्स चिकटवून देतो, असे गवंडी म्हणतात. तसे करावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कृपया तसे करू नका. टाइल हलते याचा अर्थ तिच्याखालचा मसाला सुटला आहे, आणि त्या सुटलेल्या थरावर कितीही चांगली टाइल चिकटवली तरी ती त्याच्याबरोबरच हलणार. शिवाय टाइल्स आणि त्यांच्या सांध्यांत भरलेले पांढरे सिमेंट पाणी अडवतात हा गैरसमज आहे. पाणी अडते ते खालच्या वॉटरप्रूफिंगमुळे.

आधी गळतीचे मूळ शोधा. फ्लश केल्यावरच ओल वाढत असेल, तर कमोडचे तोंड आणि बिडाचा पाइप यांच्यातील सांधा बहुधा सुटलेला असतो. कमोड काढल्याशिवाय तो सांधा नीट दिसत नाही, म्हणून कमोड काढाच.

नंतर हातोडीच्या दांड्याने फरशी ठोकत जा आणि जिथे पोकळ आवाज येतो तिथला भाग, ठणठणीत कोबा लागेपर्यंत, फोडून काढा. स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या असतील, तर गंज तारेच्या ब्रशने घासून काढून त्यांना गंजरोधक लेप द्यावा आणि पॉलिमरयुक्त मसाल्याने खड्डा भरावा. गंजलेली सळी फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते, त्यामुळे ती तशीच झाकणे धोक्याचे आहे. सळ्या फारच झिजल्या असतील, तर काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

पाइपभोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरण्याच्या सिमेंटच्या मसाल्याने) भरून, जमीन आणि भिंत यांच्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई करून, वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यावेत. ते भिंतीवरही फूटभर चढले पाहिजेत. लेप वाळला की निचऱ्याची तोंडे बंद करून दोन इंच पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा आणि 48 तास थांबून खालच्या घरात जाऊन छत पाहा. गवंडी घाई करतील, पण ही चाचणी सोडू नका.

नव्या टाइलच्या जाडीनुसार पाइपचे तोंड आधीच वर घ्यावे, नाहीतर सांधा पुन्हा अर्धवट बसतो. कमोड सिमेंटमध्ये न गाडता स्क्रूने बसवा आणि सिलिकॉन भरताना मागे थोडी जागा मोकळी ठेवा, म्हणजे पुढे सांधा गळलाच तर पाणी तुम्हाला तिथेच दिसेल.